फोनचं भोक आणि आमचे दाजी

यमुनेच्या अल्याड-पल्याड, म्हणजे अख्ख्या दिल्लीत आणि दिल्लीला चिकटून उगवलेल्या साऱ्या नव्या वस्त्यांत, मोबाइल फोनच्या बुडाशी असलेल्या त्या बारीक भोकावर आमच्या साडूंइतका जीव टाकणारा दुसरा माणूस दाखवा, मी त्याच्या घरी वर्षभर पाणी भरीन. लोक फोनचा पडदा पाहतात, कॅमेरा पाहतात. आमचे साडू फोन हातात आला की आधी तो उलटा धरतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि एक डोळा मिटून त्या भोकात बघतात. "माणूस बोलतो कुठून? तोंडातून नाही, इथून. पलीकडच्याला तुमचं तोंड ठाऊकच नसतं," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. नात्यानं ते माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. बायको त्यांना दाजी म्हणते, तिचं ऐकून मीही दाजीच म्हणतो, आणि आमच्या सोसायटीतली पंजाबी, बिहारी, मल्याळी मंडळी ते त्यांचं आडनाव समजून त्यांना 'मिस्टर दाजी' म्हणतात. दाजींनी आजवर कुणाला दुरुस्त केलेलं नाही. नाव चुकलं तर चालतं, आवाज पोचला पाहिजे.

एवढं ऐकून कुणालाही वाटेल, की हा गृहस्थ टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला असणार. छे! दाजींची सगळी नोकरी शेतीच्या मंत्रालयात डाळींच्या फायली पुढे सरकवण्यात गेली. ते वर्धा जिल्ह्यातल्या एका खेड्यातून दिल्लीला आले, मी परभणीकडून आलो. ते डाळींत शिरले, मी दुसऱ्या एका मंत्रालयात इंग्रजीचं हिंदी करायला बसलो, आणि आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरांत समोरासमोरच्या जिन्यांवर आम्ही दोघांनी संसार केले. तिथं फोनची फारशी गरजच नव्हती. मीठ संपलं की बाल्कनीतून हाक मारायची, मीठ यायचं, मिठाबरोबर सल्लाही यायचा. मग निवृत्ती आली, क्वार्टर सोडावं लागलं आणि आयुष्यभराची पुंजी ओतून आम्ही नोएडा एक्स्टेंशनमध्ये एकाच सोसायटीत फ्लॅट घेतले. दाजी चौदाव्या मजल्यावर, मी दुसऱ्या. विकणाऱ्याच्या चित्रात तलाव होता, हिरवळ होती, हसणारं कुटुंब होतं. प्रत्यक्षात समोर एक अर्धवट राहिलेला टॉवर आहे, त्याच्या खिडक्यांना काचा नाहीत, आणि हिवाळ्यात धुरक्यामुळे तोही दिसत नाही. आमच्या टॉवरमधले निम्मे फ्लॅट बंद, उरलेल्यांत म्हातारी माणसं, ज्यांची मुलं बंगळुरूला किंवा त्याहून लांब. इथं कुणी कुणाला हाक मारत नाही. खालचा गार्डसुद्धा फोन करून विचारतो, की साहेब, पाहुण्यांना वर सोडू का. माणसांचं एकमेकांशी असलेलं सगळं नातं असं त्या एका भोकातून ये-जा करायला लागलं, आणि दाजींनी त्या भोकाची जबाबदारी आपल्या शिरावर घेतली.

त्यांची पद्धत ठरलेली आहे आणि तिच्यात घाई केलेली त्यांना मुळीच खपत नाही. 'माझा आवाज पलीकडे नीट जात नाही' अशी तक्रार घेऊन कुणी आलं, की पहिला प्रश्न, "धरता कसा?" मग त्या माणसाला फोन धरून दाखवावा लागतो. बहुतेकांचं बोट नेमकं भोकावर असतं. तसं नसेल तर कव्हर काढायचं, कारण बाजारातल्या कव्हरांना भोक भलतीकडेच पाडलेलं असतं. तेही नसेल तर आवाज रेकॉर्ड करून ऐकायचा. त्यासाठी दाजी फोन तोंडासमोर धरून, सचिवांपुढे टिपणी वाचावी तशा आवाजात, "तूर, मूग, मसूर, उडीद, हरभरा" असं म्हणतात आणि मग ते सगळ्यांना ऐकवतात. "उडीद फाटतोय," ते गंभीरपणे म्हणतात. मला आजवर फाटलेला उडीद ऐकू आलेला नाही, पण त्यांना येतो. रेकॉर्डिंग स्वच्छ निघालं तर माइक निर्दोष, दोष नेटवर्कचा. नाही निघालं तर जुना टूथब्रश आणि दात कोरायची लाकडी काडी बाहेर येते. टाचणीचं नाव काढलं तर अंगावर धावून येतात. "टाचणी घातली की माइक मेला! स्वतःच्या कानात खिळा घालाल का?" एकदा मेट्रोत एक तरुण पोरगा फोनवर जीव तोडून कुणाची तरी समजूत घालत होता आणि त्याचं बोट भोकावर होतं. दाजींना राहवेना. त्यांनी त्याच्या खांद्यावर थोपटून सांगितलं, "भाईसाहब, उंगली हटाइए, बेचारी को कुछ सुनाई नहीं दे रहा होगा." पोरानं बोट हटवलं, आमच्याकडे जळजळीत नजरेनं पाहिलं आणि डबाच बदलला. दाजी मला म्हणाले, "बोट हटवलं ना? मग झालं."

भोकातून काय निघतं यावरून ते घरचं निदान करतात. कणीक निघाली तर वहिनी पोळ्या लाटता लाटता बोलतात. खडू निघाला तर मास्तर. पांढरी बारीक धूळ तर प्रत्येक फोनमधून निघते, कारण आमच्याकडे सतत कुठं ना कुठं काही बांधलं जात असतं आणि ते पुरं मात्र होत नाही. खालच्या मजल्यावरच्या एका बँकवाल्या साहेबांच्या फोनमधून तंबाखू निघाली. नातू झाला त्या दिवसापासून त्यांनी ती सोडली आहे, अशी त्यांच्या पत्नीची समजूत होती. दाजींनी काडीच्या टोकावरचा तो कण उजेडात धरून तिच्यासमोरच "तंबाखू! बिल्कुल तंबाखू!" असं जाहीर केलं. साहेबांचा आवाज त्यानंतर सगळीकडे खणखणीत पोचू लागला, फक्त घरात त्यांच्याशी बोलायला कुणी तयार नव्हतं.

माझ्यावरही त्यांचे उपचार झाले आहेत. माझा फोन लागायचा, पण मला काही ऐकू यायचं नाही आणि पलीकडच्याला माझा शब्द पोचायचा नाही. हे फक्त संध्याकाळीच व्हायचं. दाजींनी माझं भोक, म्हणजे माझ्या फोनचं भोक, चारचारदा घासलं, डाळी म्हणून घेतल्या, काही उपयोग झाला नाही. मग एका संध्याकाळी मी परभणीला भावाला फोन लावला आणि घरात "हॅलो, हॅलो" करत बसलो. त्याच वेळी खाली, आमच्या खिडकीच्या बरोबर खाली लावलेल्या गाडीत, बाजारातून आलेल्या दोघी बहिणी, म्हणजे माझी बायको आणि मेहुणीबाई, काच लावून माझ्या आळशीपणावर सविस्तर बोलत बसल्या होत्या. फोन गाडीच्या ब्लूटूथला जोडला गेला होता. भावानं त्यातलं बरंच ऐकून घेतलं, आईलाही बोलावून ऐकवलं, आणि मग न राहवून "वैनी, खरं आहे तुमचं" असं म्हणाला. गाडीतून परका पुरुषी आवाज आल्याबरोबर मेहुणीबाईंनी फोडलेली किंकाळी मला दुसऱ्या मजल्यावर फोनशिवाय ऐकू आली. दाजी मात्र खूश. "दोष सापडला! आता तक्रार झाली की आधी ब्लूटूथ बंद," एवढंच ते म्हणाले. माझ्या आळशीपणाचा विषय त्यांना दुय्यम वाटला.

संक्रांतीला आमच्या मराठी मंडळाची बस पानिपतला, लढाईचं स्मारक असलेल्या काला अंबला जाते. तिथल्या उघड्या माळावर थंडगार वारं सुटतं, आणि वारं म्हणजे माइकचा वैरी. एका वर्षी अध्यक्षांचं भाषण फोनवरून घरी बसलेल्यांना थेट दाखवायचं ठरलं. सुरुवातीला नुसता सोसाट्याचा वारा ऐकू येऊ लागला, तेव्हा दाजींनी डोक्यावरची माकडटोपी काढून फोनला घातली. आवाज इतका छान गेला, की पुण्यातल्या कुणाच्या तरी आजी ऐकून रडल्या म्हणे. चित्र मात्र शेवटपर्यंत टोपीच्या आतल्या बाजूचं होतं. उघड्या डोक्यानं वाऱ्यात उभं राहून दाजी स्वतः आठवडाभर खोकत होते.

त्यांना वेळकाळ नाही, असं मेहुणीबाई म्हणतात, आणि ते खरंच आहे. आर. के. पुरमातला आमचा एक जुना सोबती गेला, तेव्हा आम्ही भेटायला गेलो. त्याच्या बायकोचा फोन सारखा वाजत होता. गावाकडून, अमेरिकेतून. ती बोलायची आणि पलीकडून "ऐकू येत नाही, परत सांगा, काय झालं?" असं यायचं. नवरा गेल्याची हकिगत ती बाई पुन्हापुन्हा, दर वेळी आणखी मोठ्यानं सांगत होती. मी खाली मान घालून बसलो होतो. दाजी उठले, तिच्या हातातून फोन काढून घेतला, स्वयंपाकघरातून सुरी आणली आणि सगळ्यांच्या देखत त्याचं कव्हर कापून काढलं. लोकांच्या भुवया वर गेल्या, मलाही धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण त्यानंतर त्या बाईला काही ओरडावं लागलं नाही. ती हळू आवाजात सांगायची आणि पलीकडचे पहिल्यांदाच ऐकायचे. निघताना तिनं दाजींना नमस्कार केला. आम्हा बाकीच्यांना तिनं पाहिलंसुद्धा नसावं.

हे सगळं मी हसण्यावारी नेत होतो. लोकही नेत. पण दाजींना हा नाद लागला तो काही हौसेनं नव्हे, आणि तो कशातून लागला हे कळल्यावर मला पूर्वीसारखं हसू येईनासं झालं.

दाजींना एक थोरली बहीण आहे, ताई. आई गेली तेव्हा दाजी रांगत होते, आणि त्यांना वाढवलं ते ताईनं. ती शाळेत गेली नाही, याला मात्र मारून मुटकून घातलं. रोज संध्याकाळी ती याला कडेवर घेऊन गावच्या विहारात जायची आणि बायांच्या ओळीत बसून वंदना म्हणायची. वंदनेतली पाली तिला कळत नव्हती, या लेकराला तर मराठीही धड येत नव्हती. पण ती म्हणायची आणि तिच्या आवाजाला धरून हा म्हणायचा. दाजी बोलायला शिकले ते असे. दिल्लीला आल्यावर पत्रं लिहून उपयोग नव्हता, ताईला वाचता येत नव्हतं. मग बाजारातल्या एसटीडी बूथवरून गावच्या किराणा दुकानात फोन, तिथून शेतात निरोप, आणि ताई धापा टाकत येईपर्यंत इथं मागची रांग खवळलेली. पुढे मोबाइल आले, तिच्या घरी एक पोचला, आणि तेव्हापासून रोज सकाळी आंघोळ झाली की दोघं भावंडं फोनवर एकत्र वंदना म्हणू लागली. आम्ही मराठवाड्याकडचे बौद्ध, विहारात गेलो तर वंदना, एरवी मनातल्या मनात. दाजींचा हा नेम मात्र एक दिवस चुकला नाही. बोलणं फारसं नसायचं. वंदना झाली, की "जेवलास का?", "जेवलो", संपलं.

मग ताई विसरायला लागली. आधी चुलीवरचं दूध, मग सुनेचं नाव, मग नवरा वारला आहे ही गोष्ट. वंदनासुद्धा तिला एकटीला आठवेना. पण बापूचा, म्हणजे दाजींचा, आवाज कानावर आला की पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी वंदना तिच्या तोंडून बाहेर यायची. सून अंथरुणावर तिच्या पुढ्यात फोन ठेवायची, स्पीकर लावायची आणि आश्चर्यानं बघत राहायची. दिवसभरात तेवढाच वेळ ताई पूर्वीची ताई असायची. आणि एका उन्हाळ्यात ती मधेच थांबू लागली. "बापू, आहेस का रे? तुया आवाज येऊन नाई राहिला." मागून सून सांगायची, "मामाजी, तुमचा आवाज तुटून राहिला. त्या रडून राहिल्या." दाजींनी फोन कानापासून दूर धरला, उलटा केला आणि जन्मात पहिल्यांदा त्या भोकाकडे नीट पाहिलं.

त्यानंतर त्यांनी काय काय केलं! जूनच्या उकाड्यात सकाळी पंखा बंद, कारण पंख्याची घरघर माइकमध्ये जाते. खिडक्या बंद, कारण बाहेर काम चालू असतं. कुकरवर बंदी. "डाळीच्या माणसाच्या घरात सकाळी डाळ शिजत नाही," मेहुणीबाई मला म्हणाल्या, घामाघूम होऊन. नेहरू प्लेसच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात जाऊन माइक बदलून आणला. मग फोनच बदलला. मग सिमकार्ड. मग गच्चीवर जाऊन बोलायला लागले, तिथं वारं. लोकांचे फोन तपासणं हा त्यांचा सराव होता. प्रत्येक फोनमध्ये ते स्वतःच्या फोनचं दुखणं शोधत होते. एकदा खाली बाकावर बसलो असताना ते मला म्हणाले, "साडूभाऊ, ते शब्द तिच्याकडून माझ्याकडे आले. आता तिच्याकडचे संपत आलेत आणि माझ्याकडे आहेत, तर मला ते तिला देता येत नाहीत. एवढ्याशा भोकापायी." मी म्हणालो, "दाजी, वयच झालंय त्यांचं." ते म्हणाले, "वय मला दुरुस्त करता येत नाही. फोन येतो." मला त्यांचा राग आला आणि वाईटही वाटलं.

दोष शेवटी सापडला, आणि तो त्यांनीच शोधला. वर्षभरानं एका रविवारी दुपारी त्यांनी मला वर बोलावलं, आतल्या खोलीत पलंगावर बसवलं, समोर फोन ठेवून स्पीकर लावायला लावला, आणि स्वतः बाहेर जाऊन दार लोटून घेतलं. आधी ते एकटे बोलले. मला स्वच्छ ऐकू आलं. मग मी एकटा बोललो, त्यांना स्वच्छ ऐकू आलं. "आता दोघं संगं," फोनमधून हुकूम आला. आम्ही दोघांनी मिळून वंदना सुरू केली, आणि मी तोंड उघडल्याबरोबर दाजींचा आवाज माझ्या समोरच्या फोनमधून नाहीसा झाला. मी थांबलो, तो परत आला. मी म्हणू लागलो, गेला. दार उघडून दाजी आत आले ते अक्षरशः नाचतच. स्पीकरवर ठेवलेला फोन एका वेळी एकाचंच ऐकतो. स्पीकरमधला आवाज पुन्हा स्वतःच्याच माइकमध्ये शिरून घुमू नये, म्हणून तो दोघांतल्या एकाला दाबतो. त्यात बिघाड काही नाही, तो केलेलाच तसा आहे. फोन बनवणाऱ्यांच्या हिशेबात माणसं आळीपाळीनं बोलतात. दोन माणसं फोनवर एकाच वेळी एकच गोष्ट म्हणत बसतील, हे कुणाच्या डोक्यातच आलं नसणार. दाजींचा माइक पहिल्या दिवसापासून ठणठणीत होता; ताई न अडखळता म्हणत होती तोवर आवाज दबल्याचं कुणाला जाणवलं नव्हतं, एवढंच.

त्या दिवशी त्यांनी मला आग्रह करकरून शिरा खायला घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुद्दाम मला साक्षीदार म्हणून बसवून घेतलं आणि फोन लावला. ताईशी बोलताना दाजींची दिल्ली गळून पडते.

"ताई, आता असं करू. पयले तू म्हण, मी आयकतो. मंग मी म्हणतो, तू आयक."

"काहून? संगं म्हण ना."

"संगं म्हटलं का आवाज दबते, ताई. एक एक जण म्हणू."

मग ताई लहान पोरीसारख्या आवाजात म्हणाली, "मले एकटीले नाई सापडत रे, बापू."

बरं, आपण आधी म्हणावं आणि तिनं मागून म्हणावं, तर तिला थांबणं जमेना. बापूचा आवाज आला की तिचा आपोआप सुरू व्हायचा, तिचा सुरू झाला की याचा जायचा, आणि याचा गेला की ती गडबडून गप्प. दाजींनी कुरियरनं इअरफोन पाठवले, म्हणजे स्पीकर नको आणि दाबादाबी नको. ताईनं ते उपटून फेकले. "कानात काय घातलं बाप्पा!" फोन कानाला धरायचा तर तिचा हात थरथरायचा, सुनेनं धरला तर ती तोंड फिरवायची. सगळे उपाय करून झाले. एवढा मोठा शोध लागला आणि त्याचा काडीचा उपयोग झाला नाही. दाजी दोनतीन दिवस सोसायटीत कुणाला दिसले नाहीत, आणि पहिल्यांदाच लोकांचे फोन नादुरुस्त राहिले.

मग एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. ताई अडखळून थांबते, त्याच क्षणी आपला आवाज पोचतो. म्हणजे जिथं तिचा शब्द हरवतो, नेमका तिथं आपला शब्द तिच्या कानावर पडतो. तो पकडून ती पुढे निघते, आपला आवाज दबतो, दबू दे. मग दाजींनी सगळी खटपट सोडली. शांतपणे, न थांबता, ते आपले म्हणत राहू लागले. पलीकडे तिला हवे तेवढेच शब्द मिळत आणि उरलेले कुठं जात कुणास ठाऊक. ताईचं रडणं बंद झालं. पंखा लागला. घरात डाळ शिजली. त्या पावसाळ्यात मी दाजींना जितकं निवांत पाहिलं, तितकं आर. के. पुरमातही पाहिलं नव्हतं.

पण दिवाळीच्या सुमारास सून म्हणाली, "मामाजी, आता तुमचा आवाज बराच सुधारला." तिला बिचारीला ही चांगली बातमी वाटत होती. दाजींनी "अच्छा" म्हटलं आणि फोन ठेवल्यावर तो उलटा करून त्या भोकाकडे बघत बसले. मला कळायला थोडा वेळ लागला. दाजींचा आवाज जास्त पोचत होता, कारण ताई कमी म्हणत होती. थंडी वाढली, समोरचा टॉवर धुरक्यात गेला, आणि सुनेची चांगली बातमी वरचेवर येऊ लागली. "आज तर निम्मं साफ आयकू आलं, मामाजी." दर वेळी दाजींचा चेहरा उतरायचा. साऱ्या सोसायटीचे आवाज ज्यांनी सुधारले, त्यांना स्वतःचा आवाज सुधारलेला सोसत नव्हता. मेहुणीबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, की सकाळी तुम्ही येऊन बसत जा, मला एकटीला हे बघवत नाही. तेव्हापासून मी रोज वर जाऊन बसतो.

आणि मग ती सकाळ आली. वंदना संपली. पलीकडून सूनच बोलली. "मामाजी, आज एक बी शब्द तुटला नाई. पयल्यापासून आखरीपर्यंत एकदम साफ."

"आणि ताई?"

"जाग्या आहेत ना. डोये उघडे आहेत. पाहून राहिल्या फोनकडं."

"हो का," दाजी म्हणाले. "बरं झालं."

ताई आहे. खाते, झोपते, भिंतीकडे बघते. डॉक्टर म्हणतात, आता ती बोलायची नाही, आणि ऐकते का, कुणाला ओळखते का, ते सांगता येत नाही. दाजींना कुणीतरी सुचवलं, की आता रोजचा फोन कशाला, रेकॉर्ड करून पाठवा, सून लावत जाईल. तांत्रिकदृष्ट्या ते अगदी बरोबर होतं. दाजी एवढे भडकले, की सुचवणाऱ्यानं पुन्हा फोन दाखवायला म्हणून आणला नाही. मला वाटतं, माणसानं कुणाची वाट बघायची असली तर ती रेकॉर्डिंगमधून बघता येत नाही.

कारण मी शेजारी बसून पाहतो आहे, ते आता पूर्वीसारखं न थांबता म्हणत नाहीत. ठरावीक जागा आहेत, जिथं ताई कायम रेंगाळायची, श्वास घ्यायची, अर्धा शब्द मागे पडायची. तिथं आले की दाजी गप्प होतात. फोनकडे बघत राहतात. पलीकडून काही येत नाही. मग ते पुढचा शब्द उचलतात आणि चालू लागतात, पुढच्या जागेपर्यंत.

परवा वंदना झाल्यावर सून काळजीनं म्हणाली, "मामाजी, पुन्हा मधामधात आवाज बंद पडून राहिला जी. फोन दाखवा ना कोणाले तरी."

"दाखवतो," दाजी म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच जागांवर तितकाच वेळ थांबले.